टेक्सासमधला 'टॉप टेन'चा नियम : हमी नेमकी कशाची?

टेक्सासमध्ये प्रत्येक हायस्कूलच्या बॅचमधल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत हमखास प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही रेघ आता पाच टक्क्यांवर आली आहे. त्याबद्दल डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधल्या एका वडिलांनी विचारलं आहे. पुण्याहून इथे येऊन त्यांना तीन वर्षं झाली. मुलगी एच-फोरवर (एच-वन व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे आणि दहावीत शिकते. तिच्या बॅचला साधारण ५०० मुलं आहेत, त्यांत नववीअखेर तिची रँक ३४ आली. तिला यूटी ऑस्टिनला, म्हणजे ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये, कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. टॉप पाच टक्क्यांत यायचं म्हणून तिला तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या लहान गावातल्या शाळेत घालावं का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. शिवाय, त्या गावातल्या कमी मार्कांच्या मुलाला हमखास प्रवेश आणि आमच्या मुलीला नाही, हा कुठला न्याय, असंही त्यांनी लिहिलं आहे. एच-फोरवरच्या मुलांना हा नियम लागू होतो का, हेही विचारलं आहे.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत बरीच वर्षं हायस्कूलच्या मुलांना कॉलेज प्रवेशाचं मार्गदर्शन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी घरं पुष्कळ असतात आणि हे प्रश्न जवळपास दर वर्षी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. शाळा बदलू नका. तुम्हाला हवं आहे ऑस्टिनचं कॉम्प्युटर सायन्स, आणि त्याची हमी हा नियम पहिल्या नंबरच्या मुलालाही देत नाही.

आधी नियम कुठून आला ते बघू, कारण त्याशिवाय न्याय-अन्यायाची गोष्ट कळणार नाही. १९९६ साली हॉपवूड खटल्यात फेडरल अपील कोर्टाने निकाल दिला आणि टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करता येईना. ऑस्टिनला येणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांची संख्या एकदम घसरली. तेव्हा किंग्जव्हिलच्या आमदार अर्मा रँगेल यांनी हाऊस बिल ५८८ आणलं. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या त्या पहिल्या मेक्सिकन-अमेरिकन बाई. १९९७ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी सही केली आणि १९९८ पासून प्रवेश त्याप्रमाणे सुरू झाले. कायदा अगदी सरळ होता. टेक्सासमधल्या कुठल्याही हायस्कूलच्या बॅचमधली वरची दहा टक्के मुलं राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात मागतील तिथे प्रवेश घेऊ शकतील. त्यांचा एसएटीचा (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) स्कोअर किती, शाळा श्रीमंत वस्तीतली की गरीब, याने फरक पडणार नाही. त्याआधी राज्यभरात हजाराच्या वर हायस्कुलं असूनही ऑस्टिनचा जवळपास निम्मा पहिल्या वर्षाचा वर्ग साठेक शाळांतून भरत असे. त्या साठ शाळा कुठल्या, हे डॅलस आणि ह्यूस्टनच्या घरांच्या किमती बघून कुणालाही सांगता आलं असतं.

पुढे ऑस्टिनची अडचण झाली. बाकीच्या विद्यापीठांकडे एवढी गर्दी नव्हती, पण ऑस्टिनमध्ये २००८ च्या सुमाराला टेक्सासमधून येणाऱ्या नव्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं याच नियमाने आत येऊ लागली. संगीत, वास्तुकला असा एखादा विषय जीव तोडून करणारा पण बाराव्या टक्क्यावर असलेला मुलगा, त्याच्यासाठी जागाच उरेना. म्हणून २००९ मध्ये कायद्यात बदल झाला. फक्त ऑस्टिनपुरती मर्यादा घातली गेली : टेक्सासच्या मुलांसाठीच्या जागांपैकी ७५ टक्के या नियमाने भरल्या की पुरे. त्या ७५ टक्क्यांत बसेल असा आकडा, म्हणजे बॅचमधले वरचे किती टक्के घ्यायचे ते, विद्यापीठ ठरवतं. २०११ मध्ये तो ८ होता, नंतर काही वर्षं ७ ते ९ च्या दरम्यान फिरला, २०१९ पासून ६ झाला आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ५ झाला. २०२४ च्या प्रवेशासाठी ऑस्टिनकडे सुमारे ७३ हजार अर्ज आले होते, त्यावरून गर्दीची कल्पना येते. तुमची मुलगी अकरावीत गेली की त्या सप्टेंबरमध्ये तिच्या बॅचचा आकडा जाहीर होईल. आज कुणी कितीही खात्रीने आकडा सांगितला तरी तो अंदाजच समजा.

ऑस्टिन सोडून बाकी सगळीकडे मात्र दहा टक्के म्हणजे दहाच टक्के. टेक्सास ए अँड एम, यूटी डॅलस, युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन, टेक्सास टेक, सगळीकडे. तुमची मुलगी ५०० मध्ये ३४ वी, म्हणजे ६.८ टक्क्यांवर आहे. आज जशी आहे तशी अकरावी संपली तर एवढ्या विद्यापीठांचा प्रवेश तिच्या हातात असेल. तुमच्या पत्रात या गोष्टीचा उल्लेखच नाही. आपल्या लोकांचं सगळं लक्ष ऑस्टिनवर लागलेलं असतं आणि हातात आलेलं मोजायचं राहून जातं.

आता हमी नेमकी कशाची, ते. प्रवेश मिळतो तो विद्यापीठात. शाखा मिळेलच असं कायदा कुठेही म्हणत नाही. ऑस्टिनमध्ये कॉम्प्युटर सायन्स, कॉक्रेल स्कूलचं इंजिनिअरिंग, मॅकॉम्ब्जचं बिझनेस, नर्सिंग, आर्किटेक्चर, या सगळ्यांसाठी टॉप पाच टक्केवाल्यांचीही आपसात स्पर्धा असते. तिथे निबंध वाचले जातात, कुठले विषय घेतले ते बघतात, मुलाने वर्गाबाहेर काय केलं ते बघतात, एसएटी किंवा एसीटीचा स्कोअर बघतात. मधली काही वर्षं ही परीक्षा ऐच्छिक होती, २०२५ च्या प्रवेशापासून ऑस्टिनने ती पुन्हा सक्तीची केली आहे. हमखास प्रवेश असलेल्यांनाही ती द्यावी लागते.

माझ्याकडे आलेला एक मुलगा साडेतीन टक्क्यांवर होता. घरी सगळे निर्धास्त. ऑगस्टमध्ये अर्ज उघडला, पण निबंध लिहिले शेवटच्या आठवड्यात, त्यातही रोबोटिक्स क्लबबद्दल चार ओळी, त्या कुणीही लिहिल्या असत्या अशा. या मुलाने शेजारच्या किराणा दुकानदाराला मालाचा हिशेब ठेवायला स्वतः एक प्रोग्रॅम लिहून दिला होता आणि तो दुकानदार रोज तो वापरत होता. अर्जात त्याचा एक शब्द नव्हता. 'त्यात काय सांगायचं' असं त्याला वाटलं आणि मला ते कळलं अर्ज गेल्यावर. त्याला ऑस्टिनचं पत्र आलं, प्रवेश मिळाला, पण कॉम्प्युटर सायन्स नाही. आत जाऊन शाखा बदलू, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. ऑस्टिनमध्ये आतून कॉम्प्युटर सायन्सला जाणं हे बाहेरून मिळवण्याहून सोपं नाही, हे मी त्यांना समजावलं. शेवटी तो यूटी डॅलसला गेला, हव्या त्या विषयाला आणि स्कॉलरशिपवर, आणि छान शिकला.

ए अँड एमची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे इंजिनिअरिंगची मुलं पहिलं वर्ष सामाईक करतात आणि त्या वर्षाच्या मार्कांवर पुढे शाखा मागतात. कॉम्प्युटर सायन्सला मागणी भरपूर, त्यामुळे खरी परीक्षा पहिल्या वर्षात असते. तिथल्या इंजिनिअरिंगची अर्जाची मुदत आणि निकष विद्यापीठाच्या सर्वसाधारण प्रवेशाहून वेगळे असतात, ते त्या वर्षीच्या पानावरून वाचून घ्या.

शाळा बदलण्याबद्दल आता सविस्तर. तुम्हाला सुचलेली कल्पना नवी नाही. कलन, लाँग आणि रिबॅक या अर्थतज्ज्ञांनी टेक्सासच्या नोंदी तपासून दाखवलं आहे की नियम आल्यानंतर काही कुटुंबांनी खरोखरच कमी स्पर्धेची शाळा निवडली. पण त्यांनी तपासली ती आठवी ते दहावीच्या दरम्यानची, म्हणजे मुख्यतः हायस्कूलला जातानाची निवड. दहावीच्या मध्यात शाळा बदलणं ही निराळीच गोष्ट आहे, आणि त्याचं कारण एका कागदात आहे. तो कागद पालक सहसा उघडत नाहीत.

टेक्सासमधल्या प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्डाची धोरणं ऑनलाइन असतात. त्यात 'ईआयसी लोकल' नावाचं धोरण शोधा. क्लास रँक कशी काढायची, कुठले विषय धरायचे, एपीला (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांना) किती जास्तीचे गुण, दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलांचे मार्क कसे मोजायचे, हे सगळं त्या तीन-चार पानांत लिहिलेलं असतं. पुष्कळ डिस्ट्रिक्टांत एक वाक्य सापडेल : बाहेरून आणलेल्या विषयाला जास्तीचे गुण तेव्हाच, जेव्हा तोच विषय या डिस्ट्रिक्टमध्येही त्याच इयत्तेला जास्तीच्या गुणांनी शिकवला जातो. तुमच्या मुलीने आत्ताच्या शाळेत दहावीत एपी कॉम्प्युटर सायन्स आणि एपी वर्ल्ड हिस्टरी घेतलं असेल आणि गावातल्या शाळेत ते विषयच नसतील, तर तिची मेहनत तिथे साध्या वर्गाच्या भावाने मोजली जाऊ शकते. म्हणजे ज्या रँकसाठी तुम्ही घर हलवणार, तीच खाली येण्याची शक्यता. शिवाय बारावीपर्यंत कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी असे वरच्या पातळीचे एपी विषय तिथे मिळतील का, हेही बघावं लागेल, कारण कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज वाचणारा माणूस तेच शोधत असतो. मैत्रिणी, ऑर्केस्ट्रा, घराचा हप्ता, तुमचा रोजचा प्रवास हे सगळं वेगळं. पंधराव्या वर्षी दोनदा मुळं उपटली गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पुण्याहून येऊन तिला जेमतेम स्थिरावायला मिळालं असेल.

ऑर्केस्ट्राचा उल्लेख मुद्दाम केला. रँकच्या हिशेबातली एक खोच अशी असते. समजा तुमच्याकडे सहाच्या मापावर जीपीए (गुणांची सरासरी) आहे, एपीला जास्तीत जास्त ६ आणि साध्या विषयाला ५. सात विषयांत मुलीला प्रत्येकी ५.८ आहेत, सरासरी ५.८. आता तिने आठवा विषय म्हणून ऑर्केस्ट्रा घेतला आणि पैकीच्या पैकी मिळवले, म्हणजे ५. सरासरी ५.७ होते. जो मुलगा तो तास रिकामा ठेवतो तो तिच्या पुढे जातो. ऑर्केस्ट्रा धरायचा की नाही, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं आपापलं असतं. काही ठिकाणी फक्त मुख्य विषय धरतात, काही ठिकाणी सगळेच. माझ्याकडे येऊन आई-वडील विचारतात, व्हायोलिन सोडायला सांगू का? मी नाही म्हणते. पहिली गोष्ट, धोरण वाचा, बऱ्याचदा तो विषय धरलेलाच नसतो आणि आपण उगाच घाबरलेले असतो. दुसरी गोष्ट, धरलेला असला तरी ५०० च्या बॅचमध्ये एवढ्याने दोन-चार नंबरांचा फरक पडेल. मुलीला वाद्य आवडत असेल तर तेवढ्यासाठी ते हिरावून घेऊ नका. ३४ वरून ३० वर गेली तरी पाच टक्क्यांची रेघ २५ वर आहे.

रँक कधीची धरतात, हेही नीट लक्षात ठेवा. कायदा अकरावीअखेर, बारावीच्या मध्यावर आणि पदवीच्या वेळची अशा तीन रँका सांगतो आणि अर्जाच्या मुदतीच्या वेळी जी सर्वांत ताजी असेल ती धरतो. ऑस्टिनची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि अलीकडे ऑक्टोबरच्या मध्याची लवकरची फेरीही सुरू झाली आहे. म्हणजे व्यवहारात अकरावीअखेरचीच रँक. तुमच्या मुलीकडे अजून दहावीचा उरलेला भाग आणि पूर्ण अकरावी आहे. आणखी एक अट : 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट', म्हणजे हायस्कूल डिप्लोमाची वरची पातळी. चार वर्षं गणित आणि त्यात अल्जिब्रा टू, चार वर्षं विज्ञान, शिवाय एखादं एन्डॉर्समेंट (ठरावीक क्षेत्रातल्या विषयांचा गट). एपी घेणाऱ्या मुलांचं हे आपोआप पुरं होतं, पण बाहेरून आलेल्या मुलांच्या ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर) कधीकधी एखादं क्रेडिट चढवायचं राहिलेलं असतं. तुमची मुलगी तर मधल्या इयत्तेत पुण्याहून आली. समुपदेशकाकडे जाऊन ट्रान्सक्रिप्टची छापील प्रत मागा आणि ओळ न् ओळ तपासा. आठवीत केलेला अल्जिब्रा वन त्यावर दिसतोय का, हे आधी बघा.

पाच टक्क्यांत आली नाही तर ऑस्टिन संपलं का? नाही. उरलेल्या २५ टक्के जागा सगळा अर्ज वाचून भरल्या जातात आणि तुमच्या मुलीच्या जागी असलेली मुलं तिथे दर वर्षी निवडली जातात. गर्दी मात्र फार. ऑस्टिनने जागा दिली नाही तर टेक्सासच्या मुलांना 'कॅप' नावाचा एक पर्याय देतात : यूटीच्याच दुसऱ्या एखाद्या गावातल्या विद्यापीठात, आर्लिंग्टन किंवा सॅन अँटोनियोसारख्या, पहिलं वर्ष करायचं, ठरलेली क्रेडिट्स आणि जीपीए राखला तर दुसऱ्या वर्षी ऑस्टिनला प्रवेश. पण ती हमी लिबरल आर्ट्सची (भाषा, इतिहास, समाजशास्त्रं अशा विषयांची) आहे. कॉम्प्युटर सायन्ससाठी हा रस्ता धरू नका.

आता न्यायाचा प्रश्न. तुम्ही पुण्याहून आला आहात म्हणून त्याच मापाने बोलते. आपल्याकडे मेडिकलला बरीच वर्षं सत्तर-तीसचं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातून. २०२० मध्ये ते रद्द झालं, तोवर मराठवाड्यातली मुलं म्हणत होती की आमच्याकडे कॉलेजंच कमी, मार्क जास्त असून आम्ही बाहेर. विदर्भातून वेगळं म्हणणं यायचं. दोन्हीकडे तथ्य होतं. एका राज्यात शाळा, शिकवण्या आणि कॉलेजं सारखी वाटलेली नसतील तर एकच यादी लावणं आणि विभागवार यादी लावणं, दोन्हींत कुणावर तरी अन्याय होतो. टेक्सासने निवडलेला पर्याय असा : प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच शाळेतल्या, त्याच शिक्षकांपुढे बसलेल्या मुलांशी.

मला हा नियम पटतो. माझ्याकडची बहुतेक मुलं त्याच्या तोट्याच्या बाजूला असूनही पटतो. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातल्या एखाद्या शाळेत, जिथे कॅल्क्युलस शिकवायला शिक्षक मिळत नाही, तिथे पहिली आलेली मुलगी तुमच्या मुलीपेक्षा एसएटीला कमी मार्क आणेल. पण तिच्या हातात जेवढं होतं त्यातलं तिने सगळं करून दाखवलेलं असतं. सँड्रा ब्लॅक, जेफ डेनिंग आणि जेसी रॉथस्टाइन यांनी या नियमाचे परिणाम तपासले. नियमामुळे ऑस्टिनला पोचलेल्या मुलांचं शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण आणि पुढची कमाई वाढलेली त्यांना आढळली. नियमामुळे ज्यांची ऑस्टिनची जागा गेली त्यांचं मात्र फारसं नुकसान झालेलं दिसलं नाही, कारण ती मुलं दुसऱ्या चांगल्या कॉलेजात गेली. तुमची मुलगी या दुसऱ्या गटातली आहे. तिच्यापुढे डॅलस, ए अँड एम, ह्यूस्टन, सगळं उघडं आहे, घरात दोन शिकलेली माणसं आहेत, चौकशी करायला मी आहे. त्या खोऱ्यातल्या मुलीकडे बऱ्याचदा एवढा एकच दरवाजा असतो.

हा वाद कोर्टातही गेला आहे. शुगर लँडच्या अॅबिगेल फिशर या मुलीला २००८ मध्ये ऑस्टिनने नाकारलं, ती वरच्या दहा टक्क्यांत नव्हती. तिचा खटला दोनदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये विद्यापीठाच्या बाजूने निकाल लागला. तिचा आक्षेप मात्र उरलेल्या जागांवर वंशाचा विचार करण्यावर होता (१९९६ ची बंदी मधल्या काळात उठली होती). २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरच प्रवेशात वंशाचा विचार बंद केला. टॉप टेनच्या कायद्यात वंशाचा शब्दच नसल्याने तो तसाच चालू आहे, आणि इतर राज्यंही तसंच काही करत आहेत. विस्कॉन्सिनने २०२४ मध्ये कायदा करून तिथल्या मॅडिसनच्या विद्यापीठासाठी वरचे ५ टक्के ठरवले. कॅलिफोर्नियात प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांना हमी आहे, पण जिथे जागा असेल त्या कॅम्पसची, बर्कलीची नव्हे. नोकरीमुळे राज्य बदलण्याची वेळ आली तर त्या राज्याचा नियम मुळापासून वाचा.

एच-फोरचं आता. कायदा टेक्सासचे रहिवासी म्हणून धरल्या जाणाऱ्या मुलांसाठी आहे. एच-वन आणि एच-फोरवरच्या कुटुंबांना इथे रहिवास सिद्ध करता येतो, आई किंवा वडील बारा महिन्यांहून जास्त इथे राहून काम करत असतील तर सहसा अडत नाही. अर्जातच रहिवासाची प्रश्नावली असते, ती मुलीवर सोडू नका, स्वतः शेजारी बसून भरा आणि घराचा करार, नोकरीची पत्रं, टॅक्सचे कागद एका ठिकाणी ठेवा. पैशांबाबत मात्र आधीच स्पष्ट असू द्या. हमखास प्रवेशात फी माफ नाही, आणि एच-फोरवरच्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. यूटीच्या विद्यापीठांत १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या ट्यूशनची सोय झाली आहे, पण त्याच्या अटी तुमच्या व्हिसाला लागतात का, हे विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्या. मुलगी २१ ची झाली की एच-फोर संपतो, म्हणजे बहुधा तिच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी. ग्रीन कार्डच्या रांगेत तुम्ही कुठे आहात, हे बघून इमिग्रेशन वकिलाशी आत्ताच बोला, अकरावी संपायची वाट बघू नका.

या महिन्यात एवढं करा. ईआयसी लोकल उतरवून घ्या, ट्रान्सक्रिप्ट तपासा, अकरावीच्या विषयांची निवड फेब्रुवारीत होते, त्याआधी मुलीशी बसून ठरवा. आणि यूटी डॅलसला एकदा घेऊन जा, रिचर्ड्सनला, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संस्थापकांनी उभ्या केलेल्या संशोधन केंद्रातून ते विद्यापीठ निघालं, तेव्हा कॉम्प्युटरचं वातावरण तिथे जुनं आहे. मुलीला वर्गात बसू दे, तिथल्या मुलांशी बोलू दे. तुम्ही बाहेर कॉफी घ्या.